आधी पुस्तक मिटा

धुळे-जळगावकडच्या शाळांत गणित-विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी दहावीची मुलं घरी येतात. त्यांची तक्रार एकच असते: "सर, वाचताना सगळं समजतं, पेपरात आठवत नाही." त्यांना जे सांगतो, तेच इथे मांडतो.

१. आठवणं हाच अभ्यास. धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहा. मध्यंतरी एका मुलीला आवर्तसारणीचा धडा असाच लिहायला बसवलं. डोबेरायनरची त्रिकं, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, तिच्या पुस्तकात पिवळ्या रंगाने रंगवलेली होती. कागदावर लिथियम आलं, सोडियम आलं, तिसऱ्यापाशी पेन अडलं. मी पुस्तक उघडू दिलं नाही. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली आणि एकदम म्हणाली, "पोटॅशियम!" मग अणुवस्तुमानंही तिने आपणहून मांडली: ७ आणि ३९, त्यांची सरासरी २३, म्हणजे सोडियम. आता ते त्रिक ती विसरत नाही. डोक्याला पडणारा तो ताणच कामाचा असतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

२. नियम शिकलात की लगेच प्रश्न सोडवा. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या ग्रंथांपैकी 'लीलावती' जरूर चाळा. नियम श्लोकात, म्हणजे पाठ व्हायला सोपा. आणि नियम संपला की लगोलग उदाहरण, 'आता सांग बरं' असं विचारणारं. नुसतं पाठांतर त्या पुस्तकाला मान्यच नाही. पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांचं मात्र मला पटत नाही. पाढे आणि सूत्रं तोंडावर असली की डोकं खरा विचार करायला मोकळं राहतं.

३. उजळणीतलं अंतर वाढवत न्या. त्याच रात्री, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले, ते १८८५ साली प्रसिद्ध झाले. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने निसटतं, नंतर गळती मंदावते, असं त्यांना दिसलं. म्हणून पहिली उजळणी चुकवू नका.

४. शिकलेलं आपल्या बोलीत सांगा. शाळेची भाषा प्रमाण मराठी, घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली. प्रकाशसंश्लेषण आजीला अहिराणीत समजावताना पुस्तकातली वाक्यं उपयोगी पडत नाहीत, अर्थच लागतो. आजी मध्येच "म्हंजे काय?" विचारते, तिथेच आपलं कच्चं कुठे आहे ते कळतं. त्या आजीइतका चांगला परीक्षक बोर्डाकडे नाही.

५. स्मरणशक्ती तल्लख असली तरी वही हवीच. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात काम करताना ओव्या सुचत आणि तोंडी राहत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या कागदावर उतरवल्या, म्हणून १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, त्यांचं पुस्तक निघालं. जे टिपलं गेलं नाही, ते त्यांच्याबरोबरच गेलं. मुलांनो, चुकलेली गणितं एका वेगळ्या वहीत ठेवा आणि परीक्षेआधी तीच वही काढा.

६. झोप मोडू नका. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा रात्री वेळेवर निजून पहाटे बसावं.

आणि पालकांना एक विनंती. "अभ्यास झाला का?" असं विचारलंत की "हो" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी आज रात्री जेवताना मुलाला म्हणा, "आज काय शिकलास, ते मला सांग," आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.