कुडाची भिंत : टाकाऊ साहित्याचा टिकाऊ उपयोग

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेला आदिलाबाद जिल्हा तेलंगणात असला, तरी तेथील काळी जमीन, कापसाची शेती व कुडाची घरे यांचे नाते नदीपलीकडील यवतमाळशी जवळचे आहे. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तर हिवाळ्यातील काही रात्री तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा हवामानात एका खोलीच्या घराची भिंत हा कुटुंबाच्या आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

तत्त्व

कोंडलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. कुडाच्या काड्यांत व मातीतील भुशात अशी हवा अडकून राहते. वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची जी पद्धत प्रचारात आणली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. त्या पद्धतीत सुमारे २५ टक्के विटांची बचत होते.

साहित्य व कृती

कापसाची वेचणी संपल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या कुडास उपयोगी पडतात. मात्र त्यांवरील सुकलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात पिकावर येते. यास्तव सर्व बोंडे तोडून नष्ट करावीत. मगच पऱ्हाट्या बांबूच्या कामट्यांत घट्ट बांधाव्यात.

निव्वळ काळी माती वाळताना भेगाळते. म्हणून तीत वाळू मिसळावी किंवा पांढरी माती घ्यावी. त्यात गव्हाचा भुसा घालून गारा काही दिवस भिजत ठेवावा व पायांनी तुडवावा. पहिला जाड थर वाळला की भेगा बुजवाव्यात. आतील बाजूस जुने गोणपाट पातळ चिखलात बुडवून ताणून बसवावे व त्यावर चाळलेल्या मातीचा आणि शेणाचा पातळ हात फिरवावा. शेवटी चुन्याची सफेदी द्यावी.

जोत्यासाठी फुटक्या विटा व दगड वापरून भिंत जमिनीपासून दीड फूट उंच घ्यावी. वळचण दोन फूट पुढे काढावी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा टाळावा. त्यामुळे ओल आत कोंडते व पापुद्रे सुटतात.

दक्षता

टाकून दिलेली प्रत्येक वस्तू घरात आणण्याजोगी नसते. अॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे फोडल्यास वा कापल्यास त्यांचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात व कर्करोगास कारण होऊ शकतात. कीटकनाशकांची खोकी व पिशव्या भिंतीत कदापि वापरू नयेत. पऱ्हाटी चटकन पेट घेते. म्हणून चुलीमागील भाग विटांचा किंवा दगडांचाच बांधावा.

दरवर्षी मृगापूर्वी भेगा लिंपून घेतल्यास कुडात पाणी शिरत नाही. भिंत कोरडी राहिली, तर अल्प खर्चाचे हे घर ऊन व थंडी दोन्हींपासून चांगला आसरा देते.