पहिला चेंडू खेळणारा यष्टिरक्षक : जनार्दन नवले



"कसोटी क्रिकेटमध्ये भारताकडून पहिला चेंडू कोणी खेळला?" हा प्रश्न वर्गात विचारून बघा. सी. के. नायडू, लाला अमरनाथ अशी नावं येतात, काही पोरं तर थेट गावसकरांवर जातात. उत्तर आहे जनार्दन ज्ञानोबा नवले. आपले पहिले कसोटी यष्टिरक्षकही तेच.

नवलेंचा जन्म 7 डिसेंबर 1902 चा, फुलगावचा. हे सांगितलं की भुसावळची मुलं लगेच खूश होतात, कारण फुलगाव आपल्या तालुक्यातही आहे. पण पुण्याजवळ हवेली तालुक्यातही फुलगाव आहे, आणि नवले पुण्याचे खेळाडू. तेव्हा नुसत्या नावावरून "आपला माणूस" म्हणायची घाई नको. नकाशात एकाच नावाची गावं शोधायला लावा, भूगोलाचा तासही साधतो.

वयाच्या सोळाव्या वर्षी ते मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून खेळले. तेव्हा संघ धर्मावरून पडायचे. हे मोठ्या मुलांना नीट समजावून सांगावं लागतं, टाळू नका.

आता मुख्य दिवस. 25 जून 1932, लॉर्ड्स, भारताची पहिली कसोटी. इंग्लंडने आधी फलंदाजी घेतली. महंमद निसारचा वेग आणि अमरसिंगचा स्विंग, दोन्ही यष्टींमागे नवलेंनी सांभाळले. हेल्मेट वगैरे काही नाही. इंग्लंड 259 वर सर्वबाद. कर्णधार जार्डिनने सर्वाधिक 79 केल्या आणि तो बाद झाला तो नायडूंच्या गोलंदाजीवर, झेल नवले. त्याच संध्याकाळी ग्लोव्हज काढून, बॅट घेऊन नवले नाऊमल जाऊमल यांच्यासोबत सलामीला उतरले. समोर बिल बोज. दिवसभर वाकून उठलेल्या माणसाने नवा चेंडू खेळायचा!

इथे थोडं गणित करून घ्या. डाव शंभर षटकांचा धरला, तर यष्टिरक्षक किती वेळा खाली बसून उठला? 600. मधल्या सुट्टीत मुलांना फक्त 60 उठाबशा काढायला सांगा, मग लगेच बॅट हातात द्या. हा भाग त्यांना फळ्यावरून कळत नाही.

त्या सामन्यात नवलेंनी 12 आणि 13 धावा केल्या. भारत 158 धावांनी हरला. डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली, त्यातही ते होते. धावा 13 आणि 4. सामना लक्षात राहिला तो अमरनाथांच्या 118 मुळे. पुढच्या कलकत्त्याच्या कसोटीत दिलावर हुसेन आले, त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतक केलं, आणि नवलेंची कसोटी कारकीर्द संपली. एकूण 2 कसोटी, 42 धावा.

हा आकडा वाचून एक मुलगा म्हणाला, "सर, मग हे काही भारी नव्हते." प्रश्न रास्त आहे. मी त्याला धावफलक दिला आणि विचारलं, यात सुटू न दिलेले चेंडू कुठे लिहिलेत? बाय किती गेले ते लिहितात, किती अडवले ते नाही. इंग्लंडचा यष्टिरक्षक लेस एम्स उत्तम फलंदाज होता, त्यामुळे त्याचं नाव धावांमुळेही टिकलं. नवलेंना तो आधार नव्हता.

क्रिकेटनंतर त्यांनी साखर कारखान्यात रखवालदाराची नोकरी केली, पुण्यात दोन खोल्यांत राहिले. 7 सप्टेंबर 1979 ला ते गेले. शेवटी त्यांनी हायवेवर भीक मागितली, अशी एक ऐकीव गोष्ट फिरते. मी ती वर्गात खरी म्हणून सांगत नाही. रखवालदारी मात्र सांगतो, आणि तीही बिचारेपणाच्या सुरात नाही. माझ्या वर्गात दोघांचे वडील वॉचमन आहेत.