वेगवान इंजिनाचा पाया

मोटारीच्या इंजिनाची शक्ति वाढविण्याचा विचार निघाला म्हणजे पुष्कळांचें लक्ष प्रथम त्याच्या वरच्या भागाकडे जातें. अधिक हवा घेणारा कार्ब्युरेटर, मोठ्या झडपा, उंच उचल देणारा कॅमशाफ्ट यांचीं नांवें शर्यतींच्या वर्णनांत वारंवार येतात. परंतु ही वाढविलेली शक्ति शेवटीं ज्या भागावर येऊन पडते, तो भाग इंजिनाच्या तळाशीं, डोळ्यांआड असतो. त्याचा विचार आधीं केला नाहीं तर वरची सर्व मेहनत एका क्षणांत व्यर्थ जाते. म्हणून या तळाच्या भागाची, आणि तो बळकट करण्याच्या रीतीची, वाचकांस ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रचना पाहूं. इंजिनाचा मुख्य ठोकळा, म्हणजे ब्लॉक, जुन्या इंजिनांत बहुधा ओतीव बिडाचा असे. त्याच्या सिलिंडरांत पिस्टन खालींवर धांवतात. कनेक्टिंग रॉड त्यांची सरळ गति क्रँकशाफ्टकडे नेतात, व क्रँकशाफ्ट ती फिरती करितो. हा क्रँकशाफ्ट ब्लॉकच्या आडव्या भिंतींतील अर्धगोल खांचांत बसतो. खालचें अर्धवर्तुळ ज्या तुकड्यानें पुरें होतें, त्यास मुख्य बेअरिंगची कॅप म्हणतात. साधारण इंजिनांत प्रत्येक कॅप दोन बोल्टांनीं आंवळलेली असते.

या बोल्टांवर व कॅपांवर भार किती येतो, हें थोड्या गणितानें समजेल. उदाहरणासाठीं आम्ही अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९६३ सालीं पुढें आणलेलें, ४२७ घन इंचांचें, आठ सिलिंडरांचें इंजिन घेतों. त्यांत पिस्टनची धांव सुमारें ९६ मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४८ मिलिमीटर आहे. रॉडची लांबी सुमारें १६५ मिलिमीटर. पिस्टनबरोबर खालींवर होणारें वजन एक किलोग्रॅम धरूं. मिनिटास ६,००० फेरे होत असतां वरच्या टोकाहून परततांना तें रॉडला व त्याच्या बोल्टांना सुमारें २,५०० किलोग्रॅमांच्या जोरानें ताणतें. खालच्या टोकास तोच जोर सुमारें १,३७० किलोग्रॅमांचा होऊन मुख्य कॅपांस दाबतो. फेरे ३,००० असतील तर हे आंकडे चौथ्या हिश्श्यावर येतात. कारण भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. जळत्या वायूचा दाब याहून निराळाच. वेग दुप्पट केला म्हणजे कष्टही दुप्पटच होतील, असें समजणारा येथें फसतो.

बीड कितीही टणक वाटलें तरी एवढ्या भाराखालीं तें किंचित् वांकतें. त्यांतून 'व्ही' आकाराच्या इंजिनांत भार तिरपा येतो. त्यामुळें कॅप खालींच नव्हे, तर बाजूसही सरकूं पाहते. कॅप व ब्लॉक यांचे सांधे घांसूं लागतात, आणि जें भोंक पूर्ण गोल असावयास पाहिजे तें अंडाकृति होतें. शाफ्ट व बेअरिंग यांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीएवढीच असते. तेवढ्या फटींतील तेलाचा थर तुटला कीं धातूस धातु लागतो, बेअरिंग जळतें व शाफ्ट अडकतो. रॉड तुटला तर तो ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. सांडलेलें तेल चाकांखालीं गेलें, तर गाडी हांकणाराच्या जिवावरच बेततें.

फोर्डच्या कारागिरांनीं यावर दोन उपाय योजिले. पहिला आडव्या बोल्टांचा. या ब्लॉकच्या बाजूच्या भिंती शाफ्टच्या मध्यरेषेच्याही खालीं उतरलेल्या होत्या. पांच मुख्य कॅपांपैकीं मधल्या तीन कॅपांस या भिंतींतून दोन्ही बाजूंनीं आडवे बोल्ट देण्यांत आले, व मधली जागा मापाचे तुकडे घालून भरून काढली. यामुळें कॅपेस बाजूस सरकण्यास वावच राहिला नाहीं. दुसरा उपाय तेलाचा. १९६५ सालापासून ब्लॉकच्या बाजूनें तेलाची वाट काढून तेल प्रथम मुख्य बेअरिंगांस व नंतर कॅमशाफ्टाकडे जाईल अशी व्यवस्था झाली. १९६६ सालीं फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांच्या शर्यतींत याच सात लिटरांच्या इंजिनांच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आल्या. विजयी गाडीनें ४,८०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडलें. एवढा वेळ टिकणें हें केवळ वरच्या भागाच्या शक्तीचें काम नव्हे.

कारखान्यांत जुना ब्लॉक बळकट करतांना कामाचा क्रम राखावा लागतो. प्रथम चुंबकी भुकटीनें ब्लॉकमध्यें बारीक तडे नाहींत ना, हें पाहतात. कारण तडा गेलेल्या भिंतीस जाड कॅप जोडून कांहीं उपयोग नाहीं. मग बोल्टांच्या जागीं उत्तम पोलादाचे स्टड बसवितात. स्टड ब्लॉकमध्यें स्थिर राहतो व नट तेवढा फिरतो, त्यामुळें बिडांतील आटे झिजत नाहींत. जरूर तर चार बोल्टांच्या पोलादी कॅपा घालतात. परंतु पातळ भिंतींत नवीं भोंकें पाडल्यास बळ वाढण्याऐवजीं घटण्याचा संभव असतो. स्टड किंवा कॅप बदलली कीं आंवळण्याचा ताण बदलतो व भोंकाचा आकारही बदलतो. म्हणून सर्व कॅपा टॉर्क रेंचनें ठराविक जोरानें आंवळून, त्याच स्थितींत सर्व भोंकें एका रेषेंत घांसून घेतात. हें घांसणें बेतानेंच करावें. अधिक झाल्यास शाफ्ट वर सरकून कॅमची सांखळी ढिली पडते. शेवटीं मायक्रोमीटरनें मापें घेतात. शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचास एक हजारांश इंच फट, हा जुना व उपयुक्त ठोकताळा आहे. कॅपांवर क्रमांक असतात. एकीची जागा दुसरीस कधींही देऊं नये.

यावरून दिसेल कीं बळकटी म्हणजे केवळ जाड लोखंड नव्हे. तडा नसलेली भिंत, सरळ रेषा, नेमका ताण व वेळेवर पोंचणारें तेल, या चारही गोष्टी जमल्या म्हणजे ती येते. एक चुकली तर उरलेल्या तीन वांचवीत नाहींत. शर्यत पाहणारांस यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. गाडी हांकणारासही ती मापें दिसत नाहींत. तीं कोणीं तरी नीट घेतलीं आहेत, या विश्वासावर तो बसलेला असतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं पुढें असें काम येईल, त्यांनीं तेलाचें पात्र बंद करण्यापूर्वीं ही गोष्ट एकदां आठवावी, व मग प्रत्येक नट पुन्हां एकदां तपासावा.