रक्ताची साक्ष आणि वार्धक्यातील स्नायूंची झीज

वय वाढत जाते तसे केस पिकतात, दृष्टी मंदावते. हे बदल कोणाच्याही चटकन ध्यानात येतात. परंतु याच काळात शरीरात आणखी एक बदल निमूटपणे चाललेला असतो, तो म्हणजे स्नायूंची झीज. निरोगी तरुणाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. तिशी उलटल्यानंतर दर दहा वर्षांत या स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग कमी होतो, आणि साठीनंतर ही गती वाढते. गेलेल्या स्नायूंची जागा पुष्कळदा चरबी घेते. त्यामुळे वजन कायम राहते व झीज लपून जाते.

बैठकीवरून उठताना हाताचा टेकू लागणे, भरलेली बादली उचलवेनाशी होणे, जिन्यावर कठड्याचा आधार घ्यावा लागणे, ही या झिजेची पहिली चिन्हे होत. पुढे तोल जाऊन माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते. अंथरुणाला खिळल्यावर उरलेले स्नायू अधिकच वेगाने झिजतात. या अवस्थेला अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचविले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. आपण तिला स्नायुक्षीणता म्हणू. ही झीज पडझडीच्या आधीच ओळखता आली, तर पुष्कळ हानी टळेल. रक्ताच्या एखाद्या थेंबावरून ती ओळखता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

क्रिएटिनीन कोठून येते?

१८३२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी मांसापासून क्रिएटिन नावाचा पदार्थ वेगळा केला. शरीरातील सुमारे ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंत साठविलेले असते आणि एकाएकी जोर लावावा लागला की ते तात्काळ शक्ती पुरविण्याच्या कामी येते. या साठ्यापैकी सुमारे दोन टक्के भागाचे दररोज आपोआप क्रिएटिनीनमध्ये रूपांतर होते. क्रिएटिनीन शरीराला निरुपयोगी असते. ते रक्तात उतरते व मूत्रपिंडे ते गाळून मूत्रावाटे बाहेर टाकतात.

आता एक हौद डोळ्यांसमोर आणा. एका बाजूने नळाचे पाणी आत येते आणि दुसरीकडे मोरीतून ते वाहून जाते. हौदातील पाण्याची पातळी नळ व मोरी या दोहोंवर अवलंबून असते. रक्तातील क्रिएटिनीनचेही तसेच आहे. येथे नळ म्हणजे स्नायू आणि मोरी म्हणजे मूत्रपिंडे. १८८६ साली मॅक्स याफे यांनी पिक्रिक आम्लाच्या साहाय्याने क्रिएटिनीन ओळखण्याची रंगक्रिया वर्णन केली. तिच्या आधारे पुढे जी तपासणी रूढ झाली, ती मुख्यतः मोरीची, म्हणजे मूत्रपिंडांची. पातळी वाढली की मूत्रपिंडे दुबळी झाली, असे अनुमान काढले जाते.

परंतु मोरी तुंबत असतानाच नळाची धारही बारीक झाली, तर पातळी वाढणार नाही. वृद्धांच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. कृश वृद्धाचे क्रिएटिनीन सामान्य मर्यादेत दिसते, आणि त्यामागे क्षीण स्नायू व दुबळी मूत्रपिंडे हे दोन्ही दोष दडलेले असतात. हा धोका केवळ तर्काचा नव्हे. डिगॉक्सिन व जेंटामायसिन यांसारखी औषधे मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे सुदृढ आहेत असे समजून नेहमीची मात्रा दिल्यास ती औषधे शरीरात साचून अपाय करतात.

दुसरा साक्षीदार

या कोड्यातून वाट काढण्यास सिस्टॅटिन-सी हे प्रथिन उपयोगी पडते. केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व पेशी ते जवळजवळ सारख्या गतीने तयार करतात, आणि मूत्रपिंडे तेही रक्तातून गाळून काढतात. त्याचा पुरवठा स्नायूंवर फारसा अवलंबून नसल्याने ते मोरीची स्थिती अधिक स्पष्टपणे सांगते. म्हणून क्रिएटिनीनला सिस्टॅटिन-सीने भागून शंभराने गुणतात व येणाऱ्या अंकास स्नायुक्षीणतेचा निर्देशांक मानतात.

समजा, दोन वृद्धांच्या रक्तात क्रिएटिनीन सारखेच, म्हणजे डेसिलिटरमागे ०.९ मिलिग्रॅम आहे. पहिल्याचे सिस्टॅटिन-सी लिटरमागे ०.९ मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचे १.५ मिलिग्रॅम आहे. पहिल्याचा निर्देशांक १०० येतो, तर दुसऱ्याचा ६०. एकट्या क्रिएटिनीनने दोघांना एकाच पंक्तीस बसविले होते. दुसऱ्याच्या स्नायूंविषयी व मूत्रपिंडांविषयीही चौकशी केली पाहिजे, हे दोन साक्षीदारांनी मिळून दाखवून दिले.

तथापि हा निर्देशांक म्हणजे निकाल नव्हे. शिजविलेले मांस खाल्ल्यावर क्रिएटिनीन काही काळ वाढते, तर शाकाहारी माणसात ते मुळातच थोडे कमी असू शकते. थायरॉईड ग्रंथीचे विकार, स्टेरॉइड औषधे, स्थूलता व धूम्रपान यांमुळे सिस्टॅटिन-सी बदलते. सर्वांना एकच सीमारेषा लावता येईल, असेही अद्याप ठरलेले नाही.

रक्तातील इतर खुणांची गोष्टही अशीच आहे. शरीरात मंद दाह दीर्घकाळ चालू राहिला तर स्नायूंतील प्रथिनांची मोडतोड वाढते. अशा वेळी यकृतात तयार होणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन रक्तात अधिक आढळते. परंतु साध्या संसर्गानेही ते वाढते. अल्ब्युमिन कमी होणे हे पूर्वी निकृष्ट आहाराचे लक्षण समजत. आता ते दाहामुळेही घटते असे कळून आले आहे. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने स्नायू दुबळे होतात, पण प्रत्येक दुबळेपणाचे मूळ त्या अभावातच असते असे नाही.

निर्णय आणि उपाय

यास्तव रक्ताची साक्ष शरीराच्या प्रत्यक्ष बळाशी ताडून पाहावी लागते. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली सुचविलेल्या कसोट्या सोप्या आहेत. हाताच्या पकडीचे बळ पुरुषात २८ किलोग्रॅमहून व स्त्रीत १८ किलोग्रॅमहून कमी भरणे, किंवा हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागणे, ही पुढील तपासणीची सूचना होय. स्नायूंचे प्रमाण त्यानंतर यंत्राच्या साहाय्याने मोजतात.

आणि झीज आढळली तरी हताश होण्याचे कारण नाही. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथील एका शुश्रूषागृहात राहणाऱ्या, ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा वृद्धांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वैद्यकीय देखरेखीखाली त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीतील स्नायूही श्रमाला प्रतिसाद देतात, हे त्यावरून दिसून आले. वैद्याच्या सल्ल्याने बेताबेताने वाढविलेला असा व्यायाम व त्यास डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांतून मिळणाऱ्या प्रथिनांची जोड, हाच आजही या झिजेवरील मुख्य उपाय आहे. रक्ततपासणीचे काम तो उपाय कोणाला लवकर सुरू करावा हे सुचविण्याचे. स्नायू बळकट करण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.