नख कुठून सुटतंय ते बघ

चि. मृणाल,


ओमच्या बोटांचे फोटो पाहिले. तीन नखं मुळाशी सुटलीत म्हणून तुझी झोप उडाली आणि घरात सगळे कॅल्शियमच्या मागे लागलेत. कॅल्शियमचा इथे संबंध नाही. दीड महिन्यापूर्वी त्याला ताप येऊन तोंडात, तळहातांवर फोड आले होते ना? हँड-फूट-माउथ. त्या आजारात काही मुलांच्या नखाचं मूळ थोडे दिवस काम थांबवतं. आता ते पुन्हा सुरू झालंय आणि खालून येणारं नख जुन्याला ढकलतंय. ओढू नकोस. कपड्यात अडकत असेल तर सुटलेला भाग काप, चिकटपट्टी लाव. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पाच-सहा महिने धीर धर.

मला काळजी तुझी वाटली. त्याचा हात धरलेला तुझा अंगठा फोटोत आलाय. नख टोकाकडून पांढरं दिसतंय. तो पांढरेपणा म्हणजे नखाखाली शिरलेली हवा. कणकेचा कण राहिला की तू पिनेनं कोरतेस. (तुझी आईही कोरायची, माझं तिनं कधी ऐकलं नाही.) कोरलं की फट वाढते, फटीत भांड्यांचं साबणपाणी मुरतं, नख आणखी सुटतं. हिरवट झालं तर जंतूही शिरले समज. सुटलेला भाग पुन्हा चिकटत नाही, तो कापून टाक. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाल. पिन फेकून दे.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठ. नखावर सुईनं टोचल्यासारखे खळगे किंवा तेलकट पिवळे डाग असतील तर सोरायसिस असू शकतो. थायरॉइड वाढल्यानंही नखं सुटतात. मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन घेऊन उन्हात हिंडलं तरी सुटतात. तू कुठल्या गोळ्या घेतेस ते डॉक्टरांना सांग. आमच्या ओपीडीत मात्र बहुतेक जण बुरशीच्या गोळ्या आधीच गिळून यायचे, नखाचा तुकडा एकदाही न तपासता. कित्येकांना बुरशी नसायचीच. तू तपासणीआधी गोळी घेऊ नकोस.

आणि जाशील तेव्हा नेलपॉलिश पुसून जा.

तुझी,
मावशी