निर्मित भाषा, सांकेतिक लिपी आणि भाषासंकेत

ग्रंथसूचीत कृतीची भाषा नोंदविताना आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ६३९ क्रमांकाच्या मानकातील अक्षरसंकेत योजले जातात. त्यात मराठीला ‘एम-ए-आर’, तर प्राचीन मराठीला ‘ओ-एम-आर’ असा स्वतंत्र संकेत आहे. बुद्धिपुरस्सर निर्माण केलेल्या भाषांनाही हे मानक वर्ज्य मानीत नाही. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोला ‘ई-पी-ओ’, तर काल्पनिक कथाविश्वासाठी घडविलेल्या क्लिंगॉनला २००४ मध्ये ‘टी-एल-एच’ हा संकेत मिळाला. अशा भाषेसाठी मानकाने दोन कसोट्या ठेवल्या : तिच्यात वाङ्मय असावे आणि ती मानवी संज्ञापनासाठी योजलेली असावी. स्वतंत्र संकेत नसलेल्या निर्मित भाषांसाठी ‘ए-आर-टी’ हा सामूहिक संकेत आहे. तात्पर्य, कृत्रिमता हा अपात्रतेचा निकष नव्हे.

या पार्श्वभूमीवर महानुभावांच्या सकळ लिपीचा विचार उद्बोधक ठरतो. पंथाबाहेरील वाचकांस ग्रंथ अगम्य राहावेत, म्हणून महानुभावांनी सकळ, सुंदरी आदी लिप्या योजल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. या उकलीनंतर शतकानुशतके अज्ञात राहिलेले विपुल वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले.

सकळ लिपीत वाङ्मय आहे आणि ती मानवी संज्ञापनासाठीच योजलेली आहे. मग तिला निर्मित भाषा म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. तिच्यात ठरावीक अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे वा चिन्हे येतात. शब्द, विभक्तिप्रत्यय आणि वाक्यरचना मात्र मराठीचीच राहते. एस्पेरांतोला स्वतःचे व्याकरण आहे, सकळ लिपीला केवळ किल्ली आहे. निर्मिती दोन्हीकडे आहे. पण एकीकडे ती भाषेची, दुसरीकडे लेखनाची.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. लिप्यांसाठी १५९२४ क्रमांकाचे वेगळे मानक असून मोडीला त्यात स्वतंत्र संकेत आहे. सूचीकाराने सकळ लिपीतील प्राचीन पोथी ‘निर्मित’ वा ‘अनिश्चित’ भाषेत नोंदविल्यास प्राचीन मराठीचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला ती सापडणारच नाही. म्हणून भाषेच्या रकान्यात ‘ओ-एम-आर’ आणि लिपीविषयी स्वतंत्र टीप, हीच नोंद शास्त्रशुद्ध होय. अन्यथा राजवाड्यांनी उघडलेले दार सूचीतच पुन्हा बंद होईल.