किरकोळ धडक आणि कोर्टाचे समन्स

सभासद बंधूंनो, ऊस भरलेल्या ट्रॉलीचा कुणाच्या मोटारसायकलीला धक्का लागतो, जागेवरच चहापाणी होऊन मिटते, आणि चार महिन्यांनी बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहतो. ‘गावातच मिटलंय की!’ म्हणून आपण कागद कोनाड्यात टाकतो. घात होतो तो इथेच. तारखेला कोणी हजर राहिले नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण एकतर्फी निकाल देऊ शकते. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती रक्कम कलेक्टरमार्फत शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल होते.

समन्स नाकारू नये. घ्यावे, मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. दाव्याची नक्कल जोडून विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवावे व पोच घ्यावी. एजंटाला तोंडी सांगितले म्हणजे कळवले असे होत नाही. मग आर.सी. बुक, पॉलिसी, चालकाचे लायसन्स, पंचनामा आणि आपसात मिटल्याची चिठ्ठी असल्यास तीही घेऊन वकील गाठावा व कैफियत मुदतीत द्यावी.

चालकाकडे त्या दिवशी लायसन्स नसेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून चालक बदलून सांगण्याच्या भानगडीत पडू नका, पंचनाम्यात ते उघडे पडते. ट्रॉलीचा उल्लेख पॉलिसीत आहे का, हे मात्र आजच पाहून घ्या.